अखेरच्या सालाचा शिक्का

ज्या सूचीच्या आरंभी ही प्रस्तावना छापली जात आहे, तिच्या कर्त्याने आपले नाव मुखपृष्ठावर असू नये असा आग्रह धरला आणि तो मी मोडला नाही. घरात जुनी नाणी आहेत ही वार्ता गावभर होणे कोणत्याच संग्राहकास परवडत नाही, आणि बऱ्हाणपुरात तर, जिथे प्रत्येक पडक्या वाड्याच्या भिंतीत मोहरांचा हंडा असल्याची एखादी तरी आख्यायिका गल्लीतल्या पोराच्याही तोंडी असते, मुळीच परवडत नाही. म्हणून या गृहस्थांस मी येथे केवळ संग्राहक म्हणतो. चाळीस वर्षे त्यांनी एकच छंद जोपासला : बऱ्हाणपूरच्या टांकसाळीत पडलेली नाणी, आणि त्यांतही शक्यतो ती, जी एखाद्या बादशहाच्या कारकीर्दीच्या उतरत्या वर्षांत पडली. बाजारात पहिल्या वर्षाच्या नाण्यामागे माणसे धावत असताना हे मात्र शेवटल्या वर्षाचे नाणे मागत, आणि सराफही त्यांना पाहून कपाटाच्या मागल्या खणाकडे हात घालीत, हे मी स्वतः पाहिलेले आहे.

या हट्टाचा उगम कशात आहे हे मला कळले ते एका परदेशी कागदामुळे. संग्राहकांच्या वहीत, अकबराच्या इलाही शकातील रुपयांच्या पानांच्या शेजारी, पारदर्शक पाकिटात जपलेले एक बेसबॉलचे कार्ड आहे. अमेरिकेत नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या त्यांच्या पुतण्याने ते पाठविले. त्या देशात आपल्याकडील क्रिकेटइतकेच वेड बेसबॉलचे, आणि नामांकित खेळाडूंची चित्रे छापलेली अशी कार्डे च्युइंग गमच्या पुडीतून पोरांच्या हाती पडत. टॉप्स या कंपनीने १९५२ साली काढलेल्या ४०७ कार्डांच्या संचातील मिकी मँटलचे एक कार्ड २०२२ च्या ऑगस्टात १ कोटी २६ लाख डॉलरांस विकले गेले. तेव्हा मँटल नुकताच उदयास आलेला विशीचा तरुण होता. पुतण्याने पाठविलेले कार्ड मात्र विली मेज याचे, १९७३ चे. मेज १९५१ पासून खेळत होता आणि १९७३ हे त्याचे खेळाचे शेवटचे वर्ष. ज्या संघात त्याची हयात गेली तो सुटून तो न्यूयॉर्क मेट्सकडे आलेला, वय चाळिशी ओलांडलेले. त्याच मेजच्या १९५१ च्या पहिल्या कार्डाला जी किंमत येते तिच्या पासंगालाही हे अखेरचे कार्ड पुरत नाही, आणि म्हणूनच ते एका मध्यमवर्गीय पुतण्याला घेता आले.

परंतु संग्राहकांनी ते कार्ड मला उलटे करून दाखविले. पहिल्या कार्डाच्या पाठीवर त्या खेळाडूविषयी सांगण्यासारखे थोडकेच असते, कारण सांगण्याजोगे अद्याप काही घडलेलेच नसते. १९७३ च्या कार्डाची पाठ मात्र वर्षावर्षांच्या आकड्यांनी अशी दाटून गेलेली आहे की वाचावयास भिंग लागते. किती सामने, किती धावा, कोणत्या साली चढ, कोणत्या साली उतार, सैन्यात गेल्यामुळे कोणते वर्ष कोरे गेले, हे सारे एका तळहाताएवढ्या पुठ्ठ्यावर. "पहिल्या कार्डावर आशा असते," ते म्हणाले, "यावर हिशेब आहे. मला हिशेब वाचायला आवडतो." त्यांच्या संग्रहाची सारी दृष्टी मला त्या एका वाक्यात उलगडली, आणि ही सूची वाचणाऱ्याने तीच दृष्टी धरावी अशी माझी विनंती आहे.

आता बऱ्हाणपुरास अशा उत्तरवयाशी काय कर्तव्य, हे सांगितले पाहिजे. खानदेशच्या फारुकी सुलतानांनी पंधराव्या शतकाच्या आरंभी, दौलताबादकडील सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावाने, तापीच्या काठी वसविलेले हे शहर मोगलांच्या हाती आले ते अकबराच्या आयुष्याच्या अगदी उत्तरार्धात. तेराव्या वर्षी गादीवर बसलेला बादशहा १६०० साली स्वतः बऱ्हाणपुरास येऊन उतरला तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर होता. येथून सुमारे २० किलोमीटरांवरील असीरगडाला वेढा पडला, महिन्यांमागून महिने गेले, आणि अखेर १७ जानेवारी १६०१ रोजी बहादूरखान फारुकीचा तो गड त्याच्या स्वाधीन झाला. यानंतर अकबराने कोणताही मोठा मुलूख जिंकला नाही. खानदेशाचे नाव बदलून शाहजादा दानियालच्या नावावरून दानदेश ठेवण्यात आले. तोच दानियाल १६०५ मध्ये याच बऱ्हाणपुरात, तिशीत, मद्यपानाने मरण पावला, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात आग्र्यास बादशहाही गेला. म्हणजे अकबराच्या पन्नास वर्षांच्या राज्यातील बऱ्हाणपूरचा वाटा म्हणजे जेमतेम अखेरची पाच वर्षे. आग्रा, लाहोर, अहमदाबाद येथील टांकसाळींस त्याचे तारुण्य मिळाले. आमच्या वाट्यास त्याचे म्हातारपण आले. त्याची खंत कशाला? मला तर तो मानच वाटतो.

त्या पाच वर्षांत येथे पडलेल्या रुपयांपैकी एक मी प्रस्तुत ओळी लिहिताना समोर ठेवला आहे. वजन अकरा ग्रॅमांच्या वर थोडे, म्हणजे साडेअकरा माशांच्या ठरीव वजनात फारशी झीज झालेली नाही. जाड, आटोपशीर, आजच्या नाण्यांच्या मानाने लहानच, पण तळहातावर पडताच भार जाणवावा असा. एका बाजूस 'अल्लाहु अकबर जल्ल जलालुहु' ही अक्षरे, दुसरीकडे टांकसाळीचे नाव, इलाही शकाचे वर्ष आणि फारसी सौर महिन्याचे नाव. बादशहाचे नाव मात्र कोठेच नाही. आरंभीच्या नाण्यांवर कलमा, चार खलिफांची नावे, हिजरी साल आणि पदव्यांसह पूर्ण बादशाही नाव असे. १५८४ मध्ये राज्यारोहणापासून मोजावयाचा इलाही शक सुरू झाला आणि पुढे हळूहळू नाण्यावरून हा सारा लवाजमा उतरला. उरले ते एक ईशस्तुतीचे वचन, ज्यात जलालुद्दीन अकबर या नावाचे दोन्ही अवयव योजकतेने दडलेले आहेत. ते ईश्वराचे स्तवन मानावे की बादशहाचे, यावर त्या काळीही कुजबूज झालीच. बदायूनीसारख्या कडव्या इतिहासकाराने ती टिपूनही ठेवली आहे. माझ्यापुरते मी म्हणेन, की ज्याला आपले नाव लिहिण्याची गरज उरली नाही अशा राजाचे हे नाणे आहे, आणि ती अवस्था पहिल्या वर्षी कोणालाही येत नसते.

महिन्याचे नाव नाण्यावर असणे ही संग्राहकाच्या दृष्टीने या मालिकेची थोर देणगी. फरवर्दीन, अर्दिबिहिश्त, खुर्दाद, तीर, अमर्दाद, शहरेवर, मेहर, आबान, आजर, दै, बहमन, इस्फंदारमुज : बारा महिने, आणि प्रत्येक वर्षी पुन्हा तेच बारा. अमेरिकेतील पोरे ४०७ कार्डांचा संच पुरा करण्यासाठी ज्या तळमळीने अदलाबदल करीत, तीच तळमळ येथे एका टांकसाळीच्या एका वर्षाचे बारा महिने जमविणाऱ्यास लागते. फरक एवढाच की कार्डांचा संच किती मोठा हे छापणाऱ्याने सांगून ठेवलेले असते. इथे बारापैकी किती महिन्यांचे नाणे त्या वर्षी प्रत्यक्ष पडले हे कोणीच लिहून ठेवलेले नाही, ते हाती आलेल्या नाण्यावरूनच सिद्ध व्हावयाचे.

मूल्यनिर्धारणाचा प्रश्न येथे सुरू होतो, आणि तो समजण्यास नाणे पडते कसे हे जाणणे अवश्य आहे. आईन-इ-अकबरीत अबुल फज्लने टांकसाळीच्या कामगारांची तपशीलवार यादी दिली आहे : दारोगा, अमीन, मुशरिफ, कस लावणारा सैरफी, तोलणारा, आटणी करणारा, चांदीचे नाण्याच्या मापाचे तुकडे पाडणारा जर्राब, पोलादावर अक्षरे कोरणारा, आणि ते तुकडे दोन ठशांमध्ये धरणारा सिक्काची. ठसे कोरणाऱ्यांत दिल्लीच्या मौलाना अली अहमदची त्याने फार वाखाणणी केली आहे. परंतु ठसा बहुधा चांदीच्या चकतीपेक्षा मोठा असे. घण पडला की मजकुराचा जेवढा भाग चकतीवर बसला तेवढाच उमटे, उरलेला हवेत जाई. त्यामुळे एकाच ठशातून निघालेल्या दोन रुपयांपैकी एकावर 'बऱ्हाणपूर' स्वच्छ वाचता येते आणि दुसऱ्यावर केवळ शेवटची 'पूर' ही अक्षरे शिल्लक राहतात. एकावर साल बसते, दुसऱ्यावर महिन्याचे अर्धे नावच तेवढे. धातू तोच, वजन तेच, टांकसाळ तीच, तरी संग्राहकांच्या बाजारात पहिल्याला दुसऱ्याच्या कित्येक पट भाव येतो. त्यात सराफांच्या खुणांची भर. चांदी आतपर्यंत खरी आहे ना, हे पाहण्यासाठी हातोहात फिरणाऱ्या रुपयावर सराफ बारीक छिन्नी मारीत. ज्या नाण्याने पुष्कळ प्रवास केला त्याच्या अंगावर अशा दहा-बारा खुणा असतात. बाजार त्यांना दोष मानतो आणि भाव पाडतो. या सूचीत मात्र प्रत्येक खूण नोंदविली आहे, कारण सुरतेहून आग्र्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील या शहरात रुपयाचे कामच फिरण्याचे होते, आणि न फिरलेला रुपया बहुधा कोणाच्या तरी हंड्यात पुरलेला असे.

वाचकांस येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते, कारण तिच्यामुळे किंमत म्हणजे काय याविषयीच्या माझ्या कल्पना उलट्यापालट्या झाल्या. मोगल अमदानीच्या सराफी रिवाजात चालू सालाचा, नवा पडलेला रुपया तो 'सिक्का', आणि त्याला पुरा भाव. त्याच बादशहाच्या मागील सालांचा रुपया तो 'चलनी', त्यावर बट्टा. आणि मागल्या बादशहांचा तो 'खजाना'. म्हणजे झीज किती झाली याआधी साल पाहिले जाई आणि सालागणिक भाव उतरे. अखेरच्या सालाच्या शिक्क्याला त्या वर्षी सर्वांत अधिक मान होता, आणि बादशहाने डोळे मिटून नव्या नावाचा शिक्का सुरू झाला की तोच रुपया एका रात्रीत खालच्या वर्गात जाऊन बसे. आपल्या पेशवे दफ्तरात चांदवडी, अंकुशी, हाली सिक्का, सुरती असे रुपयांचे प्रकार आणि त्यांवरील बट्ट्याचे हिशेब ज्यांनी चाळले आहेत, ज्यांच्या घराण्याला पोतदार हे आडनाव याच उद्योगातून मिळाले, त्यांना हे नवीन नाही. तेव्हाचा सराफ साल पाहून भाव ठरवी, आजचा संग्राहकही साल पाहूनच ठरवितो. मधल्या चारशे वर्षांत केवळ तराजूचे पारडे उलटले.

अकबराच्या अखेरच्या नाण्यांचे शिरोरत्न म्हणजे असीरची मोहोर. इलाही ४५, महिना इस्फंदारमुज, म्हणजे गड पडल्यानंतर दुसऱ्याच महिन्यात, 'जर्ब असीर' अशी अक्षरे घेऊन ती पडली, आणि तिच्या एका बाजूवर वेलबुट्टीच्या पार्श्वभूमीवर एक ससाणा उभा आहे. इस्लामी टांकसाळीच्या नाण्यावर जिवंत प्राण्याचे चित्र, तेही इतक्या नजाकतीने कोरलेले, ही असामान्य घटना होती. ससाण्याचे पिसन् पीस निराळे दिसते, आणि उभ्या राहिलेल्या त्या पक्ष्याची ऐट अशी की, शिकार संपली असूनही त्याने पंख मिटलेले नाहीत असे वाटावे. याच जातीची दुसरी दोन नवले इलाही ५० या अंतिम वर्षातली : आग्र्याची बदकाची मोहोर, आणि धनुर्धारी राम व त्यामागून चालणारी सीता असलेले नाणे, ज्याच्या काही प्रतींवर नागरीत 'रामसीय' अशी अक्षरेही आहेत. साठी ओलांडलेला मनुष्य, पुत्रशोकाने आणि दुसऱ्या पुत्राच्या बंडाने त्रासलेला, आपल्या टांकसाळीकडून अखेरच्या वर्षी असे काही करवून घेतो, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते. असीरची मोहोर या संग्रहात नाही आणि कधी असेल असे संग्राहकांस वाटतही नाही. जगात तिच्या फार थोड्या प्रती आहेत, त्यांपैकी एक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. सूचीत तिला एक पूर्ण पान दिले आहे ते आमच्या तालुक्याची ओळख म्हणून.

औरंगजेबाच्या अखेरच्या वर्षांचा प्रकार अगदी निराळा. त्याने तोवर पुन्हा नाण्यांवर आलेला कलमा काढून टाकला, अशुद्ध हातांचा त्यास स्पर्श होऊ नये म्हणून, आणि त्याजागी एक फारसी बैत घातला, ज्यात सोन्याच्या नाण्यासाठी सूर्य आणि रुप्याच्या नाण्यासाठी पूर्णचंद्र असा शब्दभेद आहे. १६८१ च्या आरंभी संभाजी महाराजांच्या फौजेने बऱ्हाणपूरचा बहादूरपुरा तीन दिवस लुटला आणि त्याच वर्षअखेर बादशहा स्वतः या शहरात येऊन दाखल झाला. त्यानंतर पंचवीस वर्षे तो दख्खनेतच राहिला आणि १७०७ मध्ये, राज्याच्या ५१ व्या वर्षी, अहमदनगरास मरण पावला. या काळातले रुपये विपुल मिळतात. लढाई चालू होती, फौजेची तनखा भागवावयाची होती, टांकसाळींना उसंत नव्हती. अक्षर घाईचे आणि ठसे झिजेपर्यंत वापरलेले. बाजारात त्यांना फारसे कोणी विचारीत नाही, आणि याच कारणासाठी नवशिक्या संग्राहकाने येथूनच आरंभ करावा असे मी म्हणेन : थोड्या पैशांत त्याला एका दीर्घ, दमलेल्या कारकीर्दीचा शेवट जुलूस, म्हणजे राज्याच्या, वर्षांच्या क्रमाने मांडता येईल. ससाण्याच्या मोहोरेत जे वैभव आहे ते यांत नाही. परंतु एका हट्टी वृद्धाच्या पंचवीस वर्षांच्या मोहिमेचा खर्च या घाईच्या अक्षरांत जितका स्पष्ट वाचता येतो तितका बखरींतही येत नाही.

शाहजहानाचे प्रकरण सूचीत थोडक्यात आहे, कारण बऱ्हाणपुराशी त्याचा संबंध अखेरच्या वर्षांचा नव्हे. तरी हिजरी १०४० चा बऱ्हाणपुरी रुपया संग्राहकांनी सोडला नाही. त्या साली मुमताजमहल या शहरात बाळंतपणात वारली आणि तापीपलीकडे जैनाबादच्या आहूखान्यात तिचे दफन झाले. तेथून तिला आग्र्यास नेले ते नंतर. पुढे १७६० मध्ये उदगीरच्या तहाने बऱ्हाणपूर मराठ्यांकडे आले, शिंद्यांच्या अमलात येथील टांकसाळ शाहआलमच्या नावाने रुपये पाडीत राहिली, आणि नाव बादशहाचे, अंमल मराठ्यांचा अशी ती मौजेची अवस्था एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकली. या भागाची स्वतंत्र सूची व्हावी, आणि ती मराठीतच व्हावी, ही माझी जुनी इच्छा.

नाण्यांची हानी कशी होते याविषयी लिहिल्यावाचून मला राहवत नाही. माझ्या आजोबांच्या पेटीत एक काळवंडलेला रुपया होता. चौदा-पंधरा वर्षांचा असताना मी तो चिंचेच्या कोळात बुडवून राखेने घासला आणि आरशासारखा चकचकीत करून घरच्यांना दाखविला. सर्वांनी कौतुक केले. पुढे कित्येक वर्षांनी तो संग्राहकांच्या हाती दिला तेव्हा त्यांनी तो भिंगाखाली बराच वेळ धरला आणि काही न बोलता परत केला. चारशे वर्षांत चांदीवर जी करडी साय जमली होती ती मी एका दुपारी खरवडून काढली होती, आणि तिच्याबरोबर सालाचा वरचा अंकही. तो रुपया या सूचीत 'साल अवाच्य' अशा शेऱ्यासह आहे. ती नोंद गाळावी असे संग्राहकांनी सुचविले. ती असू द्यावी असे मी सांगितले.

मार्च २०२५ मध्ये एका चित्रपटानंतर असीरगडाच्या पायथ्याशी मोहरा सापडतात अशी आवई उठली आणि शेकडो माणसे रात्री विजेऱ्या आणि धातुशोधक यंत्रे घेऊन शेते खणू लागली. पोटासाठी खणणाऱ्यावर राग धरणे मला जमत नाही. परंतु ज्या मातीत नाणे पडले होते ती माती, तिचा थर, शेजारची खापरी, एकत्र सापडलेली इतर नाणी, हे सर्व मोडले की नाणे मुके होते, आणि मग त्याची किंमत केवळ धातूची उरते. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्यान्वये दहा रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला ठेवा सापडल्यास तो जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे, आणि शंभर वर्षांपूर्वीचे नाणे देशाबाहेर नेण्यास १९७२ च्या कायद्याने मनाई आहे. या संग्रहातील एकही नाणे जमिनीतून उकरून आणलेले नाही. ती सर्व सराफांकडून, मोडीच्या ढिगातून, वितळण्याआधी वजनाच्या भावाने वा त्याहून थोड्या अधिक भावाने सोडविलेली आहेत, आणि प्रत्येकाच्या नोंदीत ते कोठून, कोणत्या साली आले हे लिहिले आहे. नाणेशास्त्राचे रीतसर शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या मराठी वाचकास नाशिकजवळ अंजनेरी येथे परमेश्वरीलाल गुप्त यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली संस्था दूर नाही.

सूचीत रुपयांत किंमत दिलेली नाही. बाजारभाव सहा महिन्यांत जुना होतो. वर्णन होत नाही. त्याऐवजी प्रत्येक नाण्यापुढे वजन, टांकसाळीच्या नावाचा किती भाग वाचता येतो, साल व महिना पुरे आहेत की अपुरे, सराफी खुणा किती, आणि कडेवर ओतीव कामाची शिवण दिसते का, कारण बनावट नाणी साच्यात ओतली जातात आणि ती शिवण त्यांचे पाप सांगते, एवढ्या गोष्टी नोंदविल्या आहेत. यांवरून भाव ज्याचा त्याने करावा.

इलाही ५० च्या पानावर बारा महिन्यांचे बारा रकाने आहेत आणि त्यांतले बहुतेक कोरे आहेत. मुद्रिते पाहताना ध्यानात आले की छापखान्याने ते चुकून राहिले असे समजून गाळले होते. मी ते पुन्हा घालावयास लावले, प्रत्येकावर महिन्याचे नाव आणि खाली नाण्याच्या मापाचे एक वर्तुळ, म्हणजे ज्याच्या हाती एखादा महिना येईल त्याने तो तेथे पेन्सिलीने लिहावा.